चेंडूची हद्द-कायम मोजणी

माझी चूक एवढीच, की मी "हो" म्हणालो. (बायकोच्या मते लग्नापासून मी हे एकच काम करतो, तेही नको त्या वेळी.)

आमची शिवप्रिया धाराशिवच्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळते. इतरांच्या पोरी खो-खो खेळतात; आमचं रत्न लंबगोल चेंडू काखेत दाबून सरळ माणसांवर धावतं. रविवारचा सामना जिंकला तर पोरी पुण्याला जाणार होत्या. पोरगी आठवडाभर नीट जेवली नव्हती. आणि ऐनवेळी एक पंच आलाच नाही. पोरींचे प्रशिक्षक बंडप्पा सर मला म्हणाले, "साहेब, तुम्ही मोजणी खात्यातले. चेंडू कुठं ठेवायचा, तेवढंच बघा."

बत्तीस वर्षं शेतांच्या हद्दी मोजलेला माणूस मी. चेंडूला काय भ्यायचं?

सरांनी नियम सांगितला. चार डावांत दहा यार्ड गाठायचे, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. अडवणाऱ्यांनी मागं रेटलं, तरी चेंडू पुढं जिथवर पोचला होता तीच जागा धरायची. मात्र खेळाडू आपल्या मनानं मागं फिरली आणि मग पडली, तर पडली तिथंच चेंडू. मी मान डोलावली. (आमच्या खात्यात मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे.)

शेवटचं मिनिट, चौथा डाव. आमच्या पोरी दोन गुणांनी पुढं होत्या; चेंडू आपल्याकडं राहिला, की सामना आपला. शिवप्रिया दहा यार्डांच्या खुणेपर्यंत पोचली आणि समोरच्या दोन धिप्पाड पोरींनी तिला उचलून चार फूट मागं आपटलं. मी धावत गेलो आणि ती पडली होती तिथं चेंडू ठेवला. खात्याची सवय! आज जागेवर जे दिसतं तेच नकाशावर घ्यायचं. पूर्वी आपण कुठवर होतो, हे तर सगळेच सांगतात.

"अहो!" रेघेबाहेरून जगदेवी, म्हणजे आमची सौभाग्यवती, कडाडली. "पोरगी खुणेपुढं गेली हुती की! दिसलं न्हाय व्हय?"

"जागेवर काय आहे ते बघावं लागतं."

"पप्पा, रेटलं मला!" शिवप्रिया मातीतूनच ओरडली.

माझ्या तोंडातून सवयीनं निघालं, "हरकत असल्यास लेखी अर्ज द्या."

अख्खं मैदान हसलं. मुख्य पंचानं सगळं समोरून पाहिलं होतं. त्यानं चेंडू उचलून चार फूट पुढं ठेवला. दहा यार्डांची साखळी ताणली, तर चेंडू खुणेच्या चार बोटं पुढं! पोरी जिंकल्या. तेरखेड्याच्या फटाक्यांची माळ लागली. सगळ्यांनी सरांना खांद्यावर घेतलं. माझ्याकडं कुणी बघेना.

घरी आल्यावर जगदेवी म्हणाली, "आज भांडी तुमी घासायची."

गुन्हा कबूल होता. मोरीपर्यंत गेलो. करपलेलं दुधाचं पातेलं पाहिलं आणि गुपचूप येऊन बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलो.

"काय झालं?"

"मोरीपर्यंत पोचलो होतो," मी ऐटीत म्हणालो. "पुढं जिथवर गेलो ते धरतात. नियम आहे."

शिवप्रियानं शांतपणे विचारलं, "पप्पा, कुणी रेटलं का तुम्हाला?"

"नाही..."

"मग आपल्या मनानं मागं आलात. पडलात तिथंच चेंडू."

जगदेवीनं भांड्यांची पाटी, पाण्याची बादली, राख आणि घासणी आणून माझ्या खुर्चीपुढं ठेवली. मी तोंड उघडलं.

"हरकत असंल तर लेखी अर्ज द्या," ती म्हणाली.

दिलाही असता. पण तोवर हात राखेनं भरले होते.