पाच शिखरांचं लोखंड

रकाना क्रमांक चौदा रिकामा असल्यामुळे लोखंड परत आलं.

लोखंड म्हणजे ताटाएवढा एक गोल गाभा. कागदाहून पातळ अशा लोखंडी फितीचे हजारभर वेढे, ट्रान्सफॉर्मरच्या पोटात बसवायचे. ते गुंडाळले होते प्रयोगशाळेतल्या फीतवाल्यानं. त्याला स्वतःचं नाव होतं, पण ते फक्त करारनाम्यावर वापरलं जाई, दर अकरा महिन्यांनी एकदा. असे नऊ करार झाले होते. या वेळी संचालकबाई म्हणाल्या होत्या, "गाभा पडताळणीतून पास झाला तर तुम्ही कायम. नाही झाला तर दहावा करार नाही." महिना संपायला नऊ दिवस होते.

रकाना चौदा असा होता : 'मालाची स्फटिक रचना'. फीतवाल्यानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'नाही'. त्याखाली लाल शाईत शेरा आला : "'नाही' हे उत्तर ग्राह्य धरता येत नाही. सबब रकाना रिकामा समजण्यात येत आहे."

गाभा काखेत मारून फीतवाला पडताळणी अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला. अधिकाऱ्यांच्या टेबलावर सात पेनं एका रेषेत मांडलेली होती. त्यातली चालू दोनच.

"साहेब, यात स्फटिक नाहीतच. तीच तर खरी गंमत आहे."

"गंमत कुठल्या रकान्यात लिहिलीत?"

फीतवाल्यानं खुर्ची ओढली. "असं बघा. लोखंड वितळवायचं, त्यात थोडं बोरॉन, थोडं सिलिकॉन. त्याची धार गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडायची. डोळ्याचं पातं लवायच्या आत गोठून जातं. अणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही. जो जिथं असेल तिथंच थिजतो. काचेत असतं ना, तसं."

"काच असेल तर खालच्या मजल्यावर जा. आम्ही धातू बघतो."

"धातूच आहे साहेब. फक्त आतून काचेसारखा. आणि रांग नाही म्हणूनच तो चुंबकाचं ऐकतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंडाला सेकंदाला शंभर वेळा तोंड फिरवावं लागतं. साधं लोखंड दर वेळी कुरकुरतं, तापतं, वीज खातं. हे बिनबोभाट फिरतं."

"सेकंदाला शंभर वेळा तोंड फिरवतो, आणि एकही अणू रांगेत नाही." अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "अशा मालाच्या चारित्र्याचा दाखला मी द्यायचा?"

मग त्यांनी क्ष-किरणांचा आलेख मागवला. नियमावलीप्रमाणे चांगल्या धातूच्या आलेखात किमान पाच टोकदार शिखरं हवीत. इथं मधोमध एक गुबगुबीत उंचवटा होता. बाकी सगळं सपाट.

"हे काय आहे? उशी?"

"स्फटिक नसले की असंच येतं."

"आमच्याकडे उशी चालत नाही. जरा तापवून आणा. बरेच लोक तापवले की सरळ होतात."

फीतवाला उलट खूश झाला. पावणेचारशे अंशांवर तापवायचा तर होताच, त्यानं आतला ताण निघतो. तसा तापवला. गाभा इतका उत्तम झाला की वाया जाणारी वीज मोजणाऱ्या काट्यानं जागाच सोडली नाही. दोनदा टिचकी मारली, तरी काटा जागचा हलेना. तो आनंदानं नवा आलेख घेऊन धावला.

"उशी तश्शीच आहे," अधिकारी म्हणाले. "अजून तापवा."

"अजून तापवला तर अणू रांगेत बसतील साहेब!"

"मग आम्ही दुसरं काय मागतोय?"

घरी बायकोनंही हेच विचारलं. "एवढंसं लोखंड, तुमचं ऐकत नाही? लावा की रांगेत."

"रांगेत लागलं की संपलं गं. अडून बसेल. कडक होईल, ठिसूळ होईल, नुसतं तापत राहील."

"माझे बाबा तसेच होते. एकोणचाळीस वर्षं नोकरी केली, कुणी काढलं नाही." तिनं भाजीची पिशवी ओट्यावर आपटली. "त्या लोखंडाला घर चालवायचं नाहीये. तुम्हाला चालवायचंय."

दुसऱ्या दिवशी त्यानं भट्टी पाचशेवर नेली. उशीतून दीड शिखर वर आलं. अधिकाऱ्यांनी चहा सांगितला. "बघा, मुळात वाईट नव्हता. वळण नव्हतं इतकंच." मग साडेपाचशे. क्ष-किरण यंत्रावरच्या बाईंनी आलेख हातात दिला. पाच शिखरं, सुईसारखी.

"गेला," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"गाभा. जवळच्या माणसांना कळवून टाका."

फीतवाल्यानं बाहेरच्या वेढ्याला बोट लावलं. बिस्किटासारखा कट्कन तुकडा हातात आला. वीज मोजणारा काटा आता थेट दुसऱ्या टोकाला जाऊन थरथरत होता. नुकसान चाळीसपट. त्यानं तो आकडा रकाना बावीसमध्ये, 'चुंबकीय हानी'पुढे, ठळक अक्षरात लिहिला. म्हटलं, आता तरी डोळे उघडतील.

"बावीस ऐच्छिक आहे," असं म्हणून अधिकाऱ्यांनी आकड्यावर नीट पट्टी धरून रेघ मारली.

"साहेब, हा ट्रान्सफॉर्मरमध्ये बसवू नका. त्याची शेगडी होईल!"

"बसवणं आमच्याकडे येत नाही. आम्ही फक्त योग्य ठरवतो." आणि त्यांनी सही केली. त्याच दुपारी फीतवाल्याच्या हातात कायम झाल्याचं पत्र पडलं. घरी बायकोनं ते तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा शेजारणीला वाचून दाखवलं.

गाभा ठिसूळ, म्हणून तो पोलादी पेटीत सीलबंद करून एका गल्लीच्या तोंडाशी बसवला. वीज सोडण्याच्या समारंभात पडताळणी अधिकाऱ्यांनी पेटीवर कौतुकानं तळहात ठेवला आणि जोरात मागे ओढला. फीतवाल्यानं खिसा चाचपला. पत्र खिशातच होतं.

अधिकाऱ्यांनी हातावर फुंकर घातली. "केवढं काम करतोय हो बिचारा!"

टाळ्या पडल्या.

पलीकडच्या गल्लीतही एक ट्रान्सफॉर्मर होता. त्यात फीतवाल्याच्या हातचा पहिला गाभा होता, न बिघडवलेला. चाचणीसाठी म्हणून बसवला आणि तीन वर्षं सगळेच विसरले. टाळ्या ऐकून त्या गल्लीतल्या माणसांनी आपल्या पेटीला हात लावून पाहिला. जेमतेम कोमट. "म्हणजे हा तीन वर्षं नुसता बसून खातोय!" कुणीतरी ओरडलं. आठवड्यात निवेदन तयार झालं : आमच्या गल्लीवर अन्याय का? आम्हालाही गरम ट्रान्सफॉर्मर मिळावा. आहे तो गाभा काढून, पाच शिखरं येईपर्यंत तापवून, परत बसवावा.

निवेदन आलं फीतवाल्याच्याच टेबलावर. कायम माणसाचं पहिलं काम. नियम सोपा होता : सही करणाऱ्यांपैकी एकानं जरी कारण विचारलेलं असेल, शंका लिहिलेली असेल, तर निवेदन थांबवता येतं. शिल्लक राहिलेला तो एकच धड गाभा होता. फीतवाला बोट ठेवून एकेक ओळ उतरू लागला. दोनशे बारा सह्या. एक प्रश्नचिन्ह पुरे होतं.

एकशे सदतिसाव्या सहीपाशी त्याचं बोट थांबलं. अक्षर सुशिक्षित वाटत होतं. इथं काहीतरी असेल, असं त्याला वाटलं.

ती सही तुमची होती. शेजारी कागद घेऊन आला, तेव्हा तुमचा फोन कानाला होता. कागद तुम्ही दारावर दाबून धरलात आणि विचारलंत खरं, पण एवढंच, "कुठं करू?"

फीतवाल्यानं पान उलटलं, शेवटच्या सहीपर्यंत एकही प्रश्नचिन्ह सापडलं नाही, आणि त्यानं भट्टी पेटवायला सांगितली.