नाकवाल्यांचा निकाल

नाकवाल्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न झाले, त्या साली त्यांचे नाक गेले. चेहऱ्यावरचे नाक जागच्या जागी होते, चांगले लांब आणि सरळ. त्याला वास येणे तेवढे बंद झाले. लग्नाच्या धावपळीत जी सर्दी झाली ती पाहुण्यांबरोबर निघून गेली, आणि जाताना घरातली एक वस्तू उचलून न्यावी तसा वास घेऊन गेली.

हे त्यांना कळले ते चहा पिताना. अर्धा कप संपवून ते बायकोला म्हणाले, "आज चहा छान झालाय गं."

बायकोने आपला कप नुकताच तोंडाजवळ नेला होता. तिने तो तसाच खाली ठेवला. "छान? अहो, दूध नासलंय! वास नाही आला तुम्हाला?"

नाकवाल्यांनी कपात नाक घातले. मग साबणाच्या वडीला लावले. मग घासलेटच्या बाटलीला लावले. सगळीकडे सारखीच शांतता.

दुसऱ्या कोणाचा वास गेला असता तर त्याने चार दिवस हळहळ केली असती आणि विसरून गेला असता. पण नाकवाल्यांचे पोट नाकावर होते. बंदराजवळच्या एका जुन्या क्लबात ते तीस वर्षे बार सांभाळत होते. लिंबू आतून खराब आहे हे ते सालीवरून सांगत. एकदा स्वयंपाकघरातली गॅसची गळती त्यांनी फाटकातून ओळखली होती, तेव्हापासून त्यांना कोणी नावाने हाक मारली नव्हती. साठी उलटल्यावर कमिटीने त्यांना ठेवून घेतले तेही नाकाच्या जोरावर. "वासाची पारख शाबूत आहे तोवर कामावर ठेवावे," असे सेक्रेटरींनी ठरावात स्वतःच्या हाताने लिहिले होते. क्लबाच्या मागच्या दोन खोल्यांत नवराबायको राहत, त्या खोल्याही नोकरीबरोबरच्या. नाक गेले म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरी गेली म्हणजे छप्पर गेले.

"कुणापाशी बोलू नका," बायको म्हणाली. "मी आहे ना. माझं नाक काय भाड्यानं आणलंय?"

क्लबाची पँट्री तिच्याच ताब्यात होती आणि बार व पँट्री यांच्यामध्ये एक लहानशी खिडकी होती. फोडलेली प्रत्येक बाटली, चिरलेले प्रत्येक लिंबू, पुसायचे फडके, सगळे त्या खिडकीतून आत जाई. तिने एकदा चमचा वाजवला की ठीक, दोनदा वाजवला की फेका. तीन महिने हा कारभार बिनबोभाट चालला. उलट मेंबर म्हणू लागले की नाकवाल्यांचा हात अलीकडे फार नेमका पडतो. तो पडणारच. पूर्वी ते वासाच्या अंदाजाने ओतत, आता घाबरून मापाने ओतत.

आणखी एक बदल मेंबरांच्या लक्षात आला होता. क्लबात एक चीफसाहेब येत. जहाजावर चीफ इंजिनिअर होते, आता निवृत्त आणि विधुर. गुडघ्यांना ते कुठलेसे काळे मलम चोळत. त्या मलमाचा वास असा की क्लबाचे मांजरही त्यांना पाहून दार बदलत असे. चीफसाहेब कोपऱ्यात बसले की आजूबाजूच्या खुर्च्या हळूहळू दूर सरकत. पूर्वी नाकवालेसुद्धा श्वास रोखून, हात लांब करून त्यांचा ग्लास ठेवत आणि मागे फिरत. आता ते त्यांच्या खुर्चीला टेकून दहा दहा मिनिटे गप्पा मारत उभे राहत.

"लेकीचं लग्न झालं की बापाचं मन मोठं होतं," दातांचे डॉक्टर म्हणाले. ते क्लबात सर्वात लांबच्या खुर्चीवर बसत.

सगळे सुरळीत चालले असताना चीफसाहेबांनी एक दिवस जिनची बाटली आणली. जिन दिसायला नुसते पाणी. तिचा सगळा मोठेपणा वासात. आणि ही जिन फार मोठ्या घराण्यातली होती. बाटली जाड निळ्या काचेची, बुचावर मेण. चीफसाहेबांनी ती बारवर ठेवली आणि म्हणाले, "माझ्यातर्फे सगळ्यांना. लिंबू पिळा, टॉनिक वॉटर घाला, बर्फ टाका, होऊ द्या."

"थांबा!" सेक्रेटरी ओरडले. ते निवृत्त हेडमास्तर होते आणि त्यांच्या आवाजाने अजूनही माणसे हातातली वस्तू खाली ठेवत. "ही टॉनिकमध्ये? चीफसाहेब, रेशमाचं पायपुसणं करताय तुम्ही! मिसळायला आपली रोजची जिन बास आहे. एकदा लिंबू पडलं की काय महाग अन् काय स्वस्त?"

"मग ही काय करायची?"

"नुसती घ्यावी. घोट घोट. नाहीतर कपाटात ठेवावी."

"कपाटातलं रेशीम कोण बघतं हो, सेक्रेटरी? झुरळं?"

"लिंबू-टॉनिकमध्ये तुम्हाला ही ओळखू येईल?"

चीफसाहेबांनी बाटली जवळ ओढली. मग म्हणाले, "डोळे मिटून."

झाले. क्लबात दोन तट पडले. मेंबर एकमेकांशी तावातावाने बोलू लागले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सेक्रेटरींच्या वळणदार अक्षरात सूचना लागली: "रविवारी सकाळी अकरा वाजता चाचणी. विषय: मिसळून घ्यावयाच्या पेयात महाग जिन घालणे योग्य की वाया. काचेचे दोन जग भरले जातील; एका जगात महाग जिन, दुसऱ्यात रोजची. कोणत्या जगात कोणती हे फक्त नाकवाल्यांना माहीत असेल. शेवटी उरलेल्या बाटलीशी वास ताडून नाकवाले निकाल देतील. त्यांचा शब्द अखेरचा."

शेवटचे वाक्य वाचून नाकवाले थेट पँट्रीत गेले.

"एवढं काय त्यात?" बायको म्हणाली. "तुम्हीच ओतणार, तुम्हालाच ठाऊक असणार. महाग जगाच्या कानाला दोरा बांधा. अडलंच तर मी आहे."

रविवारी सकाळी ती उठली तीच शिंकत. आदल्या दिवशी तिने चाचणीसाठी म्हणून क्लबाचे सगळे पडदे झटकले होते.

"अगं, आजच?"

"मी काय मुहूर्त काढून शिंकते का? आक्छी!"

साडेदहाला नाकवाल्यांनी दोन जग तयार केले. तेवढेच लिंबू, तेवढेच टॉनिक, तेवढाच बर्फ. महाग जिनच्या जगाच्या कानाला लाल दोरा बांधला. उरलेली निळी बाटली सेक्रेटरींच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि ग्लास मांडायला ते हॉलमध्ये गेले. परत येऊन पाहतात तो दोन्ही जग लखलखीत पुसलेले, स्वच्छ ट्रेमध्ये शेजारी शेजारी उभे. जुळ्या भावांसारखे.

"दोरा कुठंय?"

"कुठला? तो कळकट लाल? टाकला केरात. अकरा मेंबरांपुढं काय दोरे लोंबणारे जग नेणार होता?"

"अगं बाई, तो खुणेचा दोरा होता! तूच सांगितलास ना बांधायला!"

बायकोने कपाळावर हात मारला. "मी म्हटलं, तुम्ही पांढरा बांधाल! आधी हा इथं होता... नाही, तो तिथं. थांबा." तिने एक जग नाकाशी नेला, दुसरा नेला, डोळे बारीक केले आणि अशी शिंकली की ट्रे हलला. "काही कळत नाही हो. नाकात नुसता दगड बसलाय."

नाकवाल्यांनी दोन्हींचा घोट घेऊन पाहिला. दोन्ही आंबट, दोन्ही कडवट. हॉलमधून सेक्रेटरींची घंटा वाजली. खोटे दडपून सांगावे तर टेबलावर बाटली उघडी होती. अकरा माणसांत एक तरी नाक धड असणारच, आणि त्या एका नाकासाठी दोन खोल्या जाणार होत्या.

नाकवाल्यांनी दोन्ही जग ट्रेमधून उचलले. मग म्हणाले, "मोठं पातेलं दे."

त्यांनी दोन्ही जग पातेल्यात ओतले, पळीने ढवळले आणि पुन्हा निम्मे निम्मे भरले.

 "अहो, हे काय केलंत?"

"आता कुणी काही विचारलं तरी मला खोटं बोलावं लागणार नाही."

चाचणी मोठ्या गांभीर्याने सुरू झाली. प्रत्येकाने पहिला ग्लास घेतला, मग पाण्याची चूळ, मग दुसरा. दातांच्या डॉक्टरांनी पेय तोंडात इकडून तिकडे खेळवले आणि सवयीने थुंकायला भांडे शोधले, नाइलाजाने गिळले. "दुसरा," ते म्हणाले. "पहिला हिरड्यांना लागतो. दुसऱ्यात एक खानदानी थंडावा आहे."

"छे, छे, पहिला!" दुसरे एक जण म्हणाले. "दुसऱ्याला सरळ औषधाचा वास येतोय."

तो वास चीफसाहेबांच्या गुडघ्यांचा होता, पण ते सांगायला कोणी धजावले नाही. सेक्रेटरींनी हात वर करायला लावले. पाच जण पहिल्याच्या बाजूने, पाच दुसऱ्याच्या. दोन्ही सारखे आहेत असे म्हणणारा एकही निघाला नाही. उरले होते फक्त चीफसाहेब. त्यांनी पहिला ग्लास नाकाखाली धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पहिला. हाच."

"आता निकाल," सेक्रेटरी म्हणाले. "नाकवाले, पुढे या. ही बाटली, हे ग्लास. सांगा, महाग जिन कशात आहे?"

पँट्रीच्या खिडकीत बायकोचे लाल नाक दिसत होते. नाकवाल्यांनी बाटली हुंगली, पहिला ग्लास हुंगला, दुसरा हुंगला. काहीच लागले नाही.

"दोन्हींत आहे, साहेब," ते म्हणाले.



"दोन्हींत?" सेक्रेटरी उठले. "म्हणजे मिसळलंत तुम्ही? नियम काय होता? चाचणी नासवलीत! मग रोजची जिन कुठं गेली?"

"तीसुद्धा दोन्हींत आहे, साहेब."

सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेवढ्यात कोपऱ्यातून चीफसाहेब मोठ्याने हसले.

"नासवली कसली, सेक्रेटरी? हीच खरी चाचणी! अकरा शहाण्यांनी एकाच पातेल्यातल्या पाण्याला दोन नावं ठेवली. त्यात मीही आलो. शेवटी खरं सांगितलं ते एकट्या नाकवाल्यानं. नाक असावं तर असं!"

आपण खानदानी थंडावा म्हणालो होतो हे आठवून दातांच्या डॉक्टरांनी आधी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या, कारण हात रिकामे ठेवण्यापेक्षा ते बरे होते. सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिले: "सभेला फरक स्पष्ट कळला. कशात, ते कळले नाही. नाकवाल्यांची पारख पूर्ववत शाबूत."

हॉल रिकामा झाल्यावर चीफसाहेब पँट्रीत आले आणि स्टुलावर बसले.

"कधी गेलं रे?"

"काय, साहेब?"

"नाक. लेकीच्या लग्नात ना?"

नाकवाल्यांच्या हातातून फडके पडले. बायको पुढे झाली. "कोण म्हणतं असं?"

"वहिनी, हा पूर्वी माझा ग्लास लांबून ठेवायचा. हात असा ताठ. लग्नाहून आला अन् खुर्चीला टेकून उभा राहायला लागला. नाक जागेवर असलेला माणूस माझ्याजवळ थांबत नाही." ते गुडघा चोळू लागले. "माझं तर कधीच गेलंय. वीस वर्षं झाली. इंजिनच्या वाफेत अन् तेलात. म्हणून तर मलम कसलं लावतो ते मला कळत नाही. फार येतो का हो वास?"

"नाक पार चोंदलंय माझं," बायको म्हणाली, "तरी पोचतोय."

चीफसाहेब पुन्हा हसले. नाकवाल्यांना धीर आला. "पण साहेब, वासच येत नाही तर ती एवढी महाग जिन कशाला आणलीत? आपल्याला सगळं सारखंच."

"ती वास घ्यायची," चीफसाहेब म्हणाले. ती म्हणजे त्यांची बायको, हे दोघांना कळले. "स्वतः थेंब घेत नव्हती. माझा ग्लास हुंगायची अन् सांगायची. आज ओलं लाकूड. आज संत्र्याची साल. मी ते ऐकत प्यायचो. साध्या जिनला म्हणायची, काही बोलण्यासारखं नाही हिच्यात. ही शेवटची बाटली तिनं निवडलेली. घरी एकट्यानं उघडून काय करू? म्हटलं, क्लबात कुणीतरी काहीतरी बोलेल. तर एकजण म्हणतो हिरड्या अन् दुसरा म्हणतो औषध!"

 बायकोने पदराने नाक पुसले आणि म्हणाली, "सर्दी उतरू दे."

पाचव्या दिवशी ती पहिल्यांदाच मेंबर बसलेले असताना पँट्रीतून बाहेर हॉलमध्ये आली. निळ्या बाटलीत थोडी उरली होती. नाकवाल्यांनी टॉनिक, लिंबू घालून ग्लास दिला. ती चीफसाहेबांच्या खुर्चीजवळ तोंडाने श्वास घेत उभी राहिली, ग्लास घट्ट नाकाशी धरला आणि जरा वेळाने म्हणाली, "नव्या लाकडी पेटीत संत्र्याची साल विसरलीय कुणीतरी. अन् खाली थोडी मिरी सांडलीय."

चीफसाहेबांनी डोळे मिटून घोट घेतला. "अन् रोजची?"

तिने रोजचीही हुंगली. "ही तुमच्या मलमाची धाकटी बहीण."

त्यानंतर चीफसाहेब महाग बाटलीच आणत आणि टॉनिकमध्येच घेत. वाया जाते असे सेक्रेटरी दर वेळी म्हणत. रोज संध्याकाळी नाकवाल्यांची बायको बाहेर येई, वास सांगे आणि आत जाई. क्लबाला वाटे, नाकवाल्यांनी बायकोलाही आपली विद्या शिकवली.

दीड वर्षाने एका संध्याकाळी नाकवाले ग्लास घेऊन चीफसाहेबांजवळ गेले, आणि एकदम त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. जळक्या रबरात कापूर घालून त्यात मासा आठवडाभर मुरवावा, तसा भयंकर वास थेट मेंदूपर्यंत गेला. नाक परत आले होते. त्यांचा हात आपोआप ताठ होऊ लागला. त्यांनी तो आवरला, नेहमीसारखे खुर्चीला टेकले आणि म्हणाले, "काय म्हणतात गुडघे, साहेब?"

नाक आल्याचे त्यांनी फक्त बायकोला सांगितले. ती म्हणाली, "कुणापाशी बोलू नका." पुढची सव्वातीन वर्षे ते रोज दहा मिनिटे त्या वासात उभे राहिले आणि ती रोज बाहेर येऊन ग्लास हुंगत राहिली.

नाकवाल्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाला पाच वर्षे झाली त्या साली, मार्च महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी, चीफसाहेब झोपेतच वारले.