निमगडे मॅडमची हाक

निमगडे मॅडम आमच्या शाळेच्या फाटकाशी आल्या की आत शिरत नाहीत. बाहेरच थांबतात, दोन्ही हातांचा तोंडाशी भोंगा करतात आणि ओरडतात, "होऽऽऽ! कोन हायऽऽ?" आतून कुणी "ओऽऽ" दिल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नाहीत. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी खडू फेकून काठी घेऊन धावलो. म्हटलं, झालं, वाघ शाळेत आला! बघतो तर चाळिशीतली, घामाने डबडबलेली एक बाई.

"मी वाचा-उपचाराची मॅडम," त्या म्हणाल्या. "ओ द्याले एवढा वेळ काऊन लावता जी, गुरुजी? माणूस मरून जाईन नं इथी!"

बोलता न येणारी, अडखळणारी, कानाला मशीन लावूनही गप्प राहणारी जिल्हा परिषद शाळांतली पोरं बोलती करायची, ही त्यांची नोकरी. गाव जंगलात, एसटी फाट्यापर्यंतच. फाट्यावरून त्यांना मोटारसायकलवर आणायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं.

आणि ही बाई भित्री म्हणजे किती भित्री! वाघाला भ्यायची, रानडुकराला भ्यायची, पुलाखालच्या अंधाराला भ्यायची. वाघ मागून धरतो म्हणून डोक्याच्या मागे पुठ्ठ्याचा मुखवटा बांधायची, डोळे वटारलेला. आमच्या मागून सायकलवर येणारा एक बिचारा त्या मुखवट्याकडे बघत बघत सरळ नालीत गेला. शिवाय वाटेत मी गप्प बसलेलं चालायचं नाही. "आवाज ठेवा, गुरुजी, आवाज ठेवा! वाघाले माणसाचा आवाज पायजे, तवाच ते बाजूले होते." आता रोज काय बोलणार? मी पाढे म्हणायचो. सतराच्या पाढ्यात अडकलो की पाठीत बोट टोचायच्या.

हसायचो मी. पण त्या वर्षी हसण्यासारखं फार उरलं नव्हतं. शेजारच्या गावात सरपणाला गेलेल्या एका बाईला वाघाने नेलं, आणि दुपारीसुद्धा आमच्या गावची दारं लागायला लागली.

त्याच दिवसांत मॅडमनी दुर्गाला पाहिलं. तिसरीतली पोर. ऐकू सगळं यायचं, तोंडातून शब्द नाही. गळ्यात शेळीची घंटी.

"हे काय बांधलं वो?" मॅडमनी तिच्या आईला, ताराबाईला विचारलं.

मोहफुलं वेचताना बाया झाडाझाडाखाली पांगतात. थोड्या थोड्या वेळाने एक जण हाक देते, बाकीच्या ओ देतात. एखादीची ओ आली नाही की टोपल्या टाकून सगळ्या तिकडे धावतात. ही रीत जुनीच. दुर्गाला ओ देता येत नाही, म्हणून आईने घंटी बांधलेली. निदान पोर कुठे आहे ते कळावं.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "अवो बाई, घंटी शेळीची असते! वाघ काय समजन? वाघाले तूच आवतन देऊन राह्यली की!"

ताराबाई मटकन खाली बसली. "मंग काय करू, मॅडम? घरी कोनापाशी ठेवू तिले?"

मॅडमनी घंटी सोडून स्वतःच्या पिशवीत टाकली. "मोह पडाच्या आधी हिले ओ देता येईन. मी सांगून राह्यली नं."

मग जे सुरू झालं ते बघून मी चिडलोच. ना अक्षर, ना चित्र. दुर्गाने सुपातला कोंडा फुंकायचा, दिव्याची वात विझवायची, मॅडमच्या गळ्यावर हात ठेवून थरथर बघायची, मग तोच हात स्वतःच्या गळ्यावर. आठवडेच्या आठवडे नुसतं "ओ".

"मॅडम, पोरीला निदान 'आई' तरी म्हणायला शिकवा हो!" मी म्हटलं.

"आई मागून म्हणन ते. आधी ओ."

वर्गात ओ फुटली. बारीक, खरखरीत, पण फुटली. मोह पडू लागला तसा मॅडमनी हट्टच धरला, जंगलात स्वतः येऊन बघायचं. ही बाई! आदल्या दिवशी ताराबाईकडे मुक्काम केला आणि उजाडता उजाडता मलाही ओढून नेलं. माझा सदरा मागून मुठीत घट्ट धरलेला, मुखवटा डोक्यामागे, तोंडाने अखंड बडबड.

पहिल्या हाकेला सगळ्यांच्या ओ आल्या. दुर्गाचीही. ताराबाई रडत रडत हसली. बाया पुन्हा वाकल्या, पुढे पुढे सरकल्या.

आणि नाल्याच्या अंगाला वानर खोकलं.

एकदा, दोनदा, मग सारखंच. वाघ दिसला की वानर असंच खोकून इशारा देतं. ताराबाईने हाक दिली. इकडून ओ, तिकडून ओ. दुर्गाची नाही.

"दुर्गेऽऽ!" नुसती शांतता. टोपल्या पडल्या. माझे पाय जागचे हलेनात, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात माझा सदरा सैल झाला. मॅडमनी मूठ सोडली होती. त्या एकट्याच नाल्याकडे चालत गेल्या. तोंडाशी भोंगा केला.

"होऽऽऽ! कोन हायऽऽ?"

काही नाही. पुन्हा हाक. आणि मग बांबूच्या बेटामागून, अगदी जवळून, "ओऽऽ!"

दुर्गा एका मोहाखाली उभी होती. एका हातात फुलांनी भरलेला फ्रॉकचा ओचा, दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर. ताराबाईने तिला आधी एक धपाटा घातला, मग छातीशी धरलं. आम्ही आरडाओरडा करतच मागे फिरलो. नाल्याच्या ओल्या रेतीत पंजा उमटला होता. त्यात पाणी अजून झिरपत होतं.

त्या दिवशी मॅडमना फाट्यावर सोडवेना. सरळ तालुक्याला त्यांच्या घरी नेलं. त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"होऽऽऽ! कोन हाय?"

मी चक्रावलो. बाहेरून कुलूप होतं, आत कोण असणार?

"माय होती," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "लकवा मारला, सारं बोलनं गेलं. मी एवढी शिकलेली, पन एक ओ तेवढी आनता आली मले. दारातून हाक देल्ली की खाटेवरून ओ द्यायची. बस, तेवढ्यात घर भरून जाय." मग म्हणाल्या, "आता आत जाचं भेव लागते, गुरुजी. वाघापरीस जास्त."

मोटारसायकल बंद केली, फाटकाशीच उभा राहिलो आणि जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडलो, "ओऽऽऽ!"

शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. मॅडमनी पदराने तोंड पुसलं, मुखवटा सोडला आणि आत गेल्या. आतून आवाज आला, "आवाज ठेवा, गुरुजी. चहा ठेवते."

मी तिथेच उभा राहून सतराचा पाढा सुरू केला.