आमच्या घरापुरता कोड

आमचा रेडिओ यापुढे फक्त आमच्यासाठीच बोलेल, असं मी शनिवारी सकाळी ठरवलं. तोवर सेरोवे गावातले सगळे हौशी रेडिओवाले दिवसभर रेडिओवरून आमच्या स्वयंपाकघरात गप्पा मारत आणि आई वैतागे. मी बाबांच्या आणि घरातल्या रेडिओला एकच कोड लावला. तो कोड आला तरच रेडिओ तोंड उघडणार. घर एकदम शांत झालं. (रेडिओचा परवाना मिळवलेली आमच्या क्लबातली सर्वांत लहान सभासद मी आहे. हे मी लिहून सांगू शकते, बोलून नाही.)

तीच तर अडचण होती. दर रविवारी रेडिओवरून सभासदांची हजेरी कुणी घ्यायची, हे त्या दुपारी क्लबाचे लोक आमच्याकडे जेवायला येऊन ठरवणार होते. मला ते काम फार हवं होतं. पण सगळे ऐकतायत म्हटलं, की माझ्या तोंडून शब्दच फुटायचा नाही.

बाबांनी स्वयंपाकघरात तीन पायांच्या लोखंडी भांड्यात सेस्वाचं, म्हणजे शिजवून कुटायचं, मांस ठेवलं, मला लक्ष ठेवायला सांगितलं आणि आपला रेडिओ घेऊन ते खुर्च्या आणायला गेले. मी माझ्या गप्प रेडिओकडे कौतुकानं बघत बसले. मग वास आला. मी रेडिओचं बटण दाबलं.

"बाबा, मांस करपलं."

"किती?"

"खालचं कोळसा झालंय. वरचं अजून मांस वाटतंय."

"पाणी घातलं नाहीस?"

"घालणारच होते."

"आई कुठंय?"

"अंगणात. धूर शेजाऱ्यांचाच समजून त्यांना नावं ठेवतेय."

"ठेवू दे. वरचं काढ, मीठ घाल आणि चांगलं कूट."

"पण अध्यक्ष रा केबोनांग येणार. ते एकटेच तिघांचं जेवतात. मागच्या वेळी भांडंसुद्धा निपटून काढलं त्यांनी."

"त्याला चव कुठे कळते? ताट भरलेलं दिसलं की झालं."

मी पुढेही बरंच बोलले. एकदाही अडखळले नाही.

दुपारी पाहुणे आले. प्रत्येकाच्या हातात झाकलेलं भांडं. सर्वांत मोठं रा केबोनांग यांच्या हातात.

"काओने," ते मला म्हणाले, "अगं, सगळं गाव ऐकतंय, हे सांगायला आम्ही किती हाका मारल्या."

कोडानं आमचे कान बंद झाले होते; लोकांचे नाही. (मांजर डोळे मिटून दूध पितं, ते निदान गप्प तरी असतं.) बाबा खुर्च्या मोजायला लागले.

"आवाज स्वच्छ, वाक्यं पूर्ण, आणि माझ्याबद्दलची माहितीसुद्धा खरी," रा केबोनांग सर्वांना म्हणाले. "उद्यापासून हजेरी हीच घेईल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी मान इतकी ताठ झाली, की आईनं मागून वेणी सरळ केली. आता आभार मानायचे होते. मी तोंड उघडलं. सगळे वाट बघत राहिले.

शेवटी रा केबोनांग खुर्चीत टेकले आणि त्यांनी आपला रेडिओ मांडीवर घेतला.

"जा बाळ, आत जाऊन रेडिओवरून बोल. आम्ही इथे ऐकतो."

मी गेले.