आबांचा मुआयना

तुमच्या पोराची भरती झाली, पोरीला नोकरी लागली आणि त्याच दिवशी दारात एखादा उंच, मिशाळ, जन्मात न पाहिलेला म्हातारा पेढ्यांचा पुडा घेऊन उभा राहिला, तर घाबरू नका. तो विमा विकायला आलेला नाही, स्थळ सांगायला आलेला नाही, आणि निवडणुकीला तर मुळीच उभा नाही. ते आमच्या शेजारचे हवालदार आबा. पेपरात तुमचं नाव वाचलं म्हणून आलेत. पुडा हातात ठेवतील, पाठीत थाप घालतील, तांब्याभर पाणी पितील आणि जातील. चहाला थांबत नाहीत.

आता ज्याचं भलं झालं त्यानं पेढे वाटायचे, ही आपल्याकडची रीत. हा माणूस उलटाच निघालाय. मी एकदा तोंडावर विचारलं, "आबा, पेढे त्यांनी द्यायचे असतात ना?" तर म्हणाले, "आवं बाई, दिवाळीला अंगाला उटणं दुसऱ्यानं लावायचं असतंय. आपलं आपुनच चोळत बसलो तर त्यात काय मजा?" मी जन्मभर शाळेत शिकवलं, गप्प बसणं मला जमत नाही. म्हणून विचारायला गेले आणि हे ऐकून आले.

आबा मूळचे पलूसकडचे. फौजेतून हवालदार म्हणून उतरले आणि साताऱ्यात आमच्या शेजारी घर बांधून राहिले. लेकरूबाळ नाही. काकू गेल्यापासून घरात एकटेच. रोज सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतात आणि कुंपणावरून मला वर्दी देतात, "बाई, मुआयन्याला निगालो." मुआयना म्हणजे तपासणी. हा शब्द ते फौजेतून बरोबर घेऊन आले आणि स्टँडजवळच्या दोन बिचाऱ्या दुकानांना चिकटवला. एक वसंतरावांचा पेपरचा स्टॉल आणि त्याला लागून दिनूशेठचं पेढ्यांचं दुकान. पेपर आणि पेढे घ्यायला माणसाला किती वेळ लागावा? आबांची सकाळ संपते.

मी निवृत्त झाले आणि सकाळ खायला उठू लागली, तेव्हा एक दिवस त्यांच्याबरोबर गेले. म्हटलं, बघू तरी हा माणूस करतो काय तिथे.

आबा स्टॉलसमोर हात मागं बांधून उभे राहिले. दोरीला चिमट्यांनी लटकवलेले पेपर त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जवानांची रांग तपासावी तसे तपासले. एक पेपर नाकाशी धरला. "शाई ओली हाय. छपाईला उशीर झालाय. कायतरी मोठं घडलंया." उघडून बघतो तर कारखान्याच्या चेअरमनचा वाढदिवस, पानभर. मग खालची मांडणी: पंचांगं, राशिभविष्यं, भरतीची गाइडं, उसाच्या खतावरची मासिकं, उखाण्यांची पुस्तकं. प्रत्येकाला हात लावायचा, दोन पानं उलटायची, होतं तिथं नीट ठेवायचं. रांगोळीच्या पुस्तकापाशी तर ते चांगलेच रेंगाळले. "बाई, ह्ये ठिपकं बगा. कुणीतरी बसून एकेक काढला आसंल का न्हाई?"

"आबा, हे वाचनालय न्हवं," वसंतराव ओरडले.

"वाचतोय कुटं मी? मुआयना चाललाय."

वसंतराव पुटपुटत आत गेले आणि आबांसाठी स्टूल घेऊन आले. हे दोघांचं रोजचंच होतं म्हणे.

मी मात्र त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. असलं पुस्तक मी आयुष्यात ढीगभर वेळा बघितलं असेल, पण ते कुणीतरी बसून काढलंय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग पेढे. काचेमागं परातीत ताजे कंदी पेढे, चांगले खरपूस तपकिरी. दिनूशेठ हा कुणाच्या बापाला न घाबरणारा माणूस. पण आबा आले की काही न बोलता अर्धा पेढा त्यांच्या तळहातावर ठेवतो आणि उलथनं हातात धरून थांबतो. आबा पेढा फोडतात, हुंगतात, जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात. मागं गिऱ्हाइकांची रांग लागलेली. एसटी पकडायची घाई असलेली माणसंसुद्धा गप्प उभी. मग निकाल येतो. "साखर बराबर. भाजणी जरा कमी पडली." तेवढ्यावर दिनूशेठ आतल्या कारागिरावर उखडतो.

मी वैतागले. "कसली नाटकं हो ही? पेढा तो पेढा."

"डोळं झाका, बाई," आबा म्हणाले आणि उरलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

झाकले. खोटं कशाला बोलू? आधी धुरासारखा खरपूस वास आला, मग खवा, मग कुठूनशी वेलची, आणि साखर अगदी शेवटी. पेढे खात म्हातारी झाले मी, आणि पेढ्याची चव मला त्या दिवशी स्टँडच्या गर्दीत, धक्के खात कळली. त्या दिवसापासून मीही मुआयन्याला जाऊ लागले. लोक हसतात, हसू देत. एकदा तर आम्ही गणपतीचं दर्शन घ्यायला म्हणून सांगलीला गेलो. तिथल्या स्टँडबाहेर भडंगाची दुकानं आणि पेपरचे स्टॉल बघता बघता दुपार टळली आणि देवापुढं पोचलो तेव्हा मी पार थकले होते. आबा देवाला म्हणाले, "उशीर झाला, माफी आसावी. वाटंत लय बगण्यासारकं हुतं."

आबांचा मुआयना संपतो तो आतल्या पानावर, जिथं गावोगावच्या पोरापोरींच्या निवडीच्या बातम्या येतात. एक नाव निवडायचं आणि पुडा बांधून घ्यायचा. माझी स्कूटर हाताशी आल्यापासून त्यांचा मुलूख आणखीच वाढला.

मागच्या वर्षी असंच एक नाव सापडलं. मेढ्याच्या बाजूच्या एका गावातली कोमल संजय, पुढं त्या गावातल्या निम्म्या घरांचं असतं ते आडनाव, पोलीस भरतीत निवड. फोटो नव्हता. आम्ही निघालो. "बाई, खड्डा! बाई, म्हस!" असं मागून ऐकत मी चढाचा रस्ता पार केला. पारावरच्या लोकांनी घर दाखवलं. दारात बाप उभा होता. आबांनी खाडकन सलाम ठोकला. "कुटं हाय आमची फौजदारीण?"

बापाचा चेहरा पडला.

त्या गावात कोमल संजय दोन होत्या. निवड झालेली वरच्या आळीतली. ही खालच्या आळीतली. दोघी एकत्रच पळायच्या, एकत्रच तयारी करायच्या. ही गोळाफेकीत मागं पडली आणि निकाल लागल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसली होती. "पावणं, घर चुकलं तुमचं," बाप म्हणाला. "आन् आमचं बी चुकलंच. बास झालं आता पळणं. ह्या साली उजवून टाकायची तिला."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आबांची बाही ओढली, म्हटलं चला. पण आबांनी बूट काढले, आत गेले आणि त्या पोरीसमोर खाली बसले. पुड्याचा दोरा सोडला.

"घे."

"आबा, ती मी न्हवं," पोरगी भिंतीकडे बघतच म्हणाली.

"कळलं मला. तरी बी घे. नाव तुजंच वाचून आनल्यात."

आणि मग आबांनी, मला इतक्या वर्षांत कधी न सांगितलेलं, त्या अनोळखी पोरीला सांगितलं. "मी भरती झालो तवा आई-बा दोगं बी न्हवतं. मामाकडं वाढलो. मामीला सांगितलं, तर म्हणली, बरं झालं, एक ताट कमी झालं. म्या सांगलीला जाऊन पेढं घेतलं. पुडा हातात आल्यावर ध्यानात आलं, आता द्यायचं कुणाला? तसाच दुकानाम्होरं उभा ऱ्हायलो. दुकानदारानं वळखलं. म्हणला, सोड रं पुडा. त्यानं एक खाल्ला, शेजारच्या पेपरवाल्याला हाळी दिली, त्यानं एक खाल्ला. दोगांनी पाठीत थाप घातली माज्या. तेवढ्यावर समदी नोकरी काडली बग."

पोरीनं हळूच हात पुढं केला आणि अर्धा पेढा तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी चाललेलं.

"भाजणी कशी हाय?" आबांनी विचारलं. कुठं काय विचारावं याचं या माणसाला भान नाही!

"लय चांगली हाय," ती हुंदका देत म्हणाली.

आबा बापाकडे वळले. "एक साल द्या तिला. फकस्त एक. न्हाई झालं, तर लग्नाचं पेढं माज्याकडनं." बापानं पोरीच्या हातातल्या उरलेल्या अर्ध्या पेढ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "एकच साल. त्येच्या पुढं मी ऐकायचा न्हाई."

त्यानंतर कोमल रोज पहाटेच्या गाडीनं साताऱ्याला मैदानावर यायची आणि परतीच्या गाडीआधी स्टॉलपाशी थांबायची. थोड्या दिवसांत बघते तर काय, आबांच्या शेजारी तीही हात मागं बांधून पेपर तपासतेय! दिनूशेठचा काटा आता इलेक्ट्रॉनिक झालाय, त्यानं तराजूचं जुनं लोखंडी वजन तिला देऊन टाकलं. दुकानामागच्या बोळात पोरगी ते गोळ्यासारखं फेकायची आणि आबा पुढं गिऱ्हाइकांना सांगायचे, "तिकडं जाऊ नगा. तोफखाना हाय."

परीक्षा झाली. बाप एका स्थळाशी बोलणी करून बसलेला. आम्ही सगळे मोबाईलकडे डोळे लावून होतो, एकटे आबा सोडून. "मोबाईलवरचा निकाल म्हंजी अफवा. पेपरात यील तवा खरं," हे त्यांचं ठरलेलं मत.

एका संध्याकाळी कोमलचा मला फोन आला. "बाई, झाली माजी निवड!" मी किंचाळलेच. चप्पल न घालता आबांकडे धावणार, तोच ती म्हणाली, "बाई, आबांना सांगू नगा. वार्ताहर फोटो घिऊन गेलाय. त्यांना पेपरात घावू दे."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. बातमी छापून येईपर्यंतची वेळ मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. वसंतरावांना आणि दिनूशेठला कोमलनं आधीच दम भरलेला. त्या सकाळी आबा स्टॉलवर आले तेव्हा आम्ही तिघं तीन दिशांना बघत होतो.

आणि आबांना घाई कसली ती नाही! रांग तपासली. शाई हुंगली. पंचांग चाळलं. रांगोळीचं पुस्तक उलटं ठेवलेलं होतं, ते सुलटं केलं. वसंतरावांना राहवेना, "आबा, आतलं पान..." असं म्हणून त्यांनी जीभ चावली. शेवटी आबांनी आतलं पान उघडलं आणि बघतच राहिले.

"बाई," ते म्हणाले, "चश्मा लावा आन् गाव वाचा."

मी वाचलं.

"आळी दिलीया का?"

"आळी नसते हो देत पेपरात. पण हा फोटो बघा की!"

त्यांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. मग पेपरची घडी घालून काखेत मारली आणि दिनूशेठच्या दुकानापुढं जाऊन उभे राहिले. दिनूशेठनं पुडा आधीच बांधून ठेवलेला. आबांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ दे. आज न्यायचं न्हाई." त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. "आज आमच्याकडं येणार आसंल कुणीतरी."

एवढं बोलून ते चालू लागले, आणि असे भराभरा की मी मागं पडले. घरी येऊन बघते तर अंगण झाडलेलं, दाराची दोन्ही कवाडं उघडी, व्हरांड्यात खुर्च्या मांडलेल्या, आणि आबा बटणं गळ्यापर्यंत लावून मधल्या खुर्चीत ताठ बसलेले. मी म्हटलं, "अहो, गाडी दुपारी येईल. जेवून तरी घ्या." तर त्यांनी गळ्याचं बटण पुन्हा चाचपलं. इतक्या वर्षांत त्या घरात कुणी पेढे घेऊन गेलेलं मी पाहिलं नव्हतं, हे तेव्हा, कुंपणाशी उभी असताना, माझ्या लक्षात आलं.

दुपारी कोमल आली. बरोबर बाप, डोक्याला फेटा बांधून. पोरगी आबांच्या पाया पडली आणि पुड्यातला पहिला पेढा त्यांच्या तळहातावर ठेवला. आबांनी तो फोडला, हुंगला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे निकालाची वाट बघत उभे. पण मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, मिशांत शिरलं.

"भाजणी कशी हाय, आबा?" कोमलनं विचारलं.

"कळंना गं पोरी," आबा म्हणाले. "चवच कळंना झालीया." आणि त्यांनी दुसऱ्या पेढ्यासाठी हात पुढं केला.