तात्यांचे चिमटे

सदूतात्या रोज सकाळी टोमॅटोच्या रोपांना चिमटे काढायचे. ओळीनं, एकेकाला नावानं हाक मारून. "पाटलीनबाय, उठा. मास्तर, मान वर करा." गोल फळांचं वाण म्हणजे पाटलीण, लांबोळक्या फळांचं म्हणजे मास्तर. चिमटा बसला की रोप थरथरायचं आणि तात्या खूश होऊन पुढच्याकडे वळायचे.

नांद्यात, आमच्या गावी, घराला लागूनच त्यांचं काचघर होतं. तरुणपणी ते खडकीला एका गोऱ्या साहेबाकडे माळी होते. विलायतेला जाताना साहेब त्यांना बियांच्या पुड्या आणि एक इंग्रजी पुस्तिका देऊन गेला. तात्यांनी लष्करी लिलावातल्या जुन्या खिडक्या आणून एकीला एक जोडल्या. त्या काचघराला भिंती नव्हत्याच, नुसत्या खिडक्या, कड्याकोयंड्यांसकट. गावात दुसऱ्या कुणाच्या घराला काच नव्हती. "आमी कुडात ऱ्हातो आन् ह्याची तंबाटी बंगल्यात!" माणसं म्हणायची.

तात्यांचा ध्यास एकच. साहेबाच्या बागेत व्हायचं तसं, "मुठीत मावनार न्हाई आसं तंबाटं" गावाला दाखवायचं.

मी पुण्याला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात राहायचे. सुट्टीत आले की गावातल्या मुली माझ्या मराठीची नक्कल करत. "आली बगा मडम." म्हणून मी बोलतच नसे. तात्यांना मात्र माझ्या मराठीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना माझं इंग्रजी हवं होतं. काचघरात एक खोका पालथा घालून ते म्हणायचे, "बस, बाय. वाच." पानांचा तो उग्र हिरवा वास मग दिवसभर बोटांना यायचा.

मी बारा वर्षांची असेन. फांदीच्या बेचक्यात फुटणाऱ्या कोंबांविषयी पुस्तिकेत 'पिंच आउट' असं एक वाक्य आलं. मी अर्थ लावला, "बाजूच्या कोंबांना चिमटा काढावा."

"किती जोरात?"

ते पुस्तकात नव्हतं. मी म्हटलं, "हळूच."

त्याआधी बंद काचघरात फुलं नुसती गळून जायची. त्या वर्षी पहिल्यांदा फळं धरली. पण लिंबाएवढी. पौडच्या बाजारात लोक विचारायचे, "तात्या, लोनच्याची लिंबं कशी दिली?"

"पुढल्या साली बगा," तात्या म्हणायचे. दर साली.

पुढे मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं. एक दिवस प्राध्यापकांनी सांगितलं की टोमॅटोचे ते कोंब नखानं खुडून टाकायचे असतात, नाहीतर झाडाची ताकद पाल्यात जाते आणि फळं बारीक राहतात. काचेखाली वारा नसतो, म्हणून झाड हलवावं लागतं, तेव्हा कुठे फळ धरतं. माझे कान तापले. तात्यांची फळं धरली ती माझ्या चुकीमुळे, आणि लिंबाएवढी राहिली तीही माझ्याच चुकीमुळे. दुसऱ्या दिवशी सुट्टी नसताना मी एसटी पकडली.

तात्या पाठमोरे होते. कोपऱ्यात एरवी गोणपाट टांगलेलं असायचं. आज ते बाजूला सारलेलं होतं आणि मागे एक रोप उभं होतं, सरळसोट, एकाच दांड्याचं. कोंब नीट खुडलेले. त्याला लागलेल्या टोमॅटोंतला एकही माझ्या मुठीत मावला नसता.

मला पाहताच तात्यांनी घाईघाईनं गोणपाट ओढलं. "सुट्टी हाय व्हय?"

"नाही. तात्या, ते चिमट्याचं मी चुकीचं सांगितलं होतं."

"ठावं हाय. शेतकीचं सायेब दुसऱ्याच साली सांगून गेलं."

"मग हे गावाला दाखवलं नाहीत?"

"दावलं आसतं तर तुझ्या कानावर गेलं आसतं." ते हातांची माती झाडत राहिले. "तू कुनाशी बोलायची न्हाईस, बाय. हितंच काय ती तोंड उघडायचीस. चुकलं म्हनलो आसतो तर तेबी मिटलं आसतं." मग पाटलीणबाईंकडे बघत म्हणाले, "आन् मला तरी हितं दुसरं कोन येतंय?"

खोका पालथाच होता, पुसून ठेवलेला. त्यांनी खिडकीच्या चौकटीतल्या खाचेतून पुस्तिका काढून माझ्या हातात दिली. "कंच्या पानावर हुतो आपन?"

मी तेच पान काढलं. "बाजूच्या कोंबांना चिमटा काढावा."

"किती जोरात?"

"हळूच," मी म्हटलं.