झगमगपूर जळाल्यानंतरची गोष्ट

एका जंगलात, मुलांनो, रेंज आली.

त्याआधी तिथे बाकी सगळं होतं. ओढा होता, करवंदीच्या जाळ्या होत्या, आंबट बोरं होती. जंगलाचं नाव करवंदबन. पण टेकडीवर टॉवर उभा राहिला आणि प्रत्येकाच्या पंजात, खुरात, सोंडेत मोबाईल आला. आठवडाभरात सगळं जंगल एकच खेळ खेळू लागलं.

त्या खेळात एक शहर होतं, झगमगपूर. शहरात शिरताना आपण कोण व्हायचं ते आपणच ठरवायचं. नाव नवं, रूप नवं. कोणत्या चेहऱ्यामागे कोण आहे, हे कोणालाच कळत नसे. बोलणंसुद्धा लिहून व्हायचं, त्यामुळे आवाजावरून ओळखायचीही सोय नव्हती.

तुम्ही काय झाला असता? बरोबर. जे नाही ते.

ऐसपैस नावाचा हत्ती तिथे चोर झाला. त्याचं पाऊल म्हणे मांजरालाही ऐकू येत नसे. विसाजी कोल्हा झाला न्यायमूर्ती सत्यव्रत. गोजाबा ससा खऱ्या जंगलात स्वतःच्या शिंकेला दचकायचा. तो झाला महारथी वज्रबाहू. उंची सात हात, आणि तलवार त्याहून एक हात जास्त.

आणि करवंदबनाचा राजा, धुरंधरराजे वाघ, तो झाला ठकूमावशी.

हसू नका. ठकूमावशीची शहराच्या पूर्व वेशीपाशी थालीपिठाची गाडी होती. अंगावर नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात उलथनं. राजाला हे का सुचलं? खऱ्या जंगलात महाराज ओढ्यावर पाणी प्यायला गेले, की सगळा ओढा रिकामा व्हायचा. 'काय, बरं आहे ना?' असं त्यांना जन्मात कोणी विचारलं नव्हतं. विचारायला कोणी थांबतच नसे. झगमगपुरात मात्र गाडीभोवती सकाळपासून गर्दी.

"मावशी, एक खमंग होऊ दे."

"मावशी, लोणी जरा हात सोडून."

"मावशी, आज चेहरा का उतरलाय?"

हे शेवटचं पहिल्यांदा कोणी विचारलं, त्या दिवशी महाराज मोबाईल बाजूला ठेवून गुहेत बराच वेळ रडले होते.

मग तो मंगळवार आला.

दुपारी जेवणाच्या वेळेला झगमगपुरावर आग ओकणारा ड्रॅगन उतरला. खेळ चालवणाऱ्यांनीच सोडला होता. त्यांचं म्हणणं, लोकांना कंटाळा यायला नको. चाळीस मिनिटांत बाजार गेला, मनोरे गेले, न्यायमंदिराचा कळस गेला. शहरात त्या दुपारी एकशे चौदा महारथी हजर होते. एकानेही तलवार उपसली नाही.

गोजाबाचा अंगठा तलवारीच्या बटणाकडे निघाला होता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. पण मधेच तो वळला आणि पळायच्या बटणावर जाऊन पडला. जन्माची सवय. सात हात उंच वज्रबाहूने वेशीजवळच्या विहिरीत उडी टाकली. अलगद पावलांचा चोर, म्हणजे आपला ऐसपैस, भिंत ओलांडायला गेला आणि भिंतीसकट पलीकडे पडला. न्यायमूर्ती सत्यव्रतांनी 'सदर प्रकरण माझ्या अखत्यारीत येत नाही' असं लिहिलं आणि खेळ बंद केला.

वेशीत एकटी ठकूमावशी उभी राहिली. फार शूर होती म्हणून नव्हे. वाघाला पळायची वेळच कधी आली नव्हती. ते बटण कुठे असतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. मावशीने तापलेल्या उलथन्याने ड्रॅगनच्या नाकावर चटक्यामागून चटके दिले आणि पाव तास त्याला वेशीत अडवून धरलं. तेवढ्यात निम्मं शहर पश्चिमेच्या दाराने बाहेर पडलं. शेवटी ड्रॅगन नाक चोळत उडून गेला. गाडीची मात्र राख झाली होती.

आता खरी गोष्ट सुरू होते, मुलांनो. शहर जळायला चाळीस मिनिटं पुरतात. पुढचं लांबतं.

दुसऱ्या दिवशी करवंदबनात कोणी चरायला गेलं नाही. अस्वलाने मधाला तोंड लावलं नाही. ऐसपैस ओढ्याकाठी बसून हुंदके देत होता.

"घर गेलं गं माझं! एवढीशी खिडकी होती त्याला. रोज तीतून आत शिरायचो."

"तुम्ही? खिडकीतून?" त्याच्या हत्तिणीने विचारलं.

तो आणखी मोठ्याने रडू लागला.

महाराजही गुहेतून बाहेर पडले नाहीत. वाघ शिकारीला निघत नाही, ही बातमी खरं तर केवढी आनंदाची! पण कोणाचं तिकडे लक्षच नव्हतं. सगळे झगमगपुरात होते. राखेत.

तिथे न्यायमूर्ती सत्यव्रतांनी सभा बोलावली होती. ते स्वतः पुनर्वसन समितीचे अध्यक्ष झाले होते. कोणी केलं, हे विचारायचं राहून गेलं.

"बंधूंनो," न्यायमूर्ती म्हणाले, "सर्वप्रथम पुतळा."

"आणि घरं?" मागून कोणीतरी विचारलं.

"घरं कुठे बांधायची, हे पुतळा कुठे आहे यावरूनच ठरेल ना? ज्या वीराने ड्रॅगनला पाव तास वेशीत अडवलं, त्याचा पुतळा. त्या वीराने हात वर करावा."

धुरामुळे त्या दिवशी कोणाला काही दिसलं नव्हतं. एकशे चौदा महारथींपैकी एकशे तेरा हात वर झाले.

न्यायमूर्तींनी चौकशी आयोग नेमला. प्रत्येक वीराने आपला पराक्रम चार पानी अर्जात लिहून द्यायचा, सोबत दोन साक्षीदार. साक्षीदार म्हणून वीर एकमेकांनाच घेऊ लागले. उघड्यावर राहणारी माणसं रांगेत उभ्या असलेल्या वीरांना वाट करून देत होती.

तिकडे ठकूमावशीने राखेत हात घालून आपला तवा शोधून काढला. तीन दगड मांडले, चूल पेटवली. पहिलं थालीपीठ करपलं. दुसरं बरं झालं. तिसऱ्यापासून रांग लागली. अर्ज नव्हता, साक्षीदार नव्हते. ज्याला भूक, त्याने पुढे यायचं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी महारथी वज्रबाहू चुलीपाशी येऊन बसला. हात वर न केलेला एकशे चौदावा तो हाच.

"मावशी, एक सांगू? कोणाला बोलू नकोस."

"सांग की."

"ड्रॅगन आला तेव्हा मी विहिरीत होतो."

"ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "वरून झाकण मीच लावलं. ठिणग्या पडत होत्या आत. मग हे उलथनं घेऊन ड्रॅगनपुढे उभी राहिले."

मग एकदम बांध फुटल्यासारखं वज्रबाहूने सगळं सांगून टाकलं. "मावशी, मी महारथी-बिहारथी कोणी नाही गं. मी ससा आहे. करवंदबनातला. ओढ्याच्या वळणावर तिसरी जाळी आहे ना, तिच्याखाली राहतो. आमच्याकडे एक वाघ आहे. त्याच्या भीतीने माझा बाप गेला, मीही तसाच जाणार. इथे येऊन तलवार घेतली, तर इथेही पळालो. मी काय करू?"

गुहेत महाराजांनी ते तीनदा वाचलं. चार दिवस पोटात कण नव्हता. ओढ्याच्या वळणावरची तिसरी जाळी. तिच्यावरून ते शंभरदा गेले होते, आणि खाली ससा आहे हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

मग मावशीचं उत्तर आलं.

"थालीपीठ गार होतंय. खा आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज त्या जाळीकडे निघाले. ते खायलाच निघाले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. वाटेत त्यांनी दोनदा परत फिरायचं ठरवलं. दोन्ही वेळा पोटाने ऐकलं नाही. त्यांनी जाळीत नाक खुपसलं.

आत गोजाबाने ते नाक पाहिलं. त्याचे पाय गेले, मान गेली, फक्त अंगठा शाबूत राहिला. त्या अंगठ्याने त्याने लिहिलं: 'मावशी, वाघ दारात आलाय. येतेस का?'

बाहेर वाघाच्या गळ्यातल्या पिशवीत 'टिंग' वाजलं.

गोजाबाला वाटलं, भास झाला. त्याने पुन्हा लिहिलं: 'मावशी, लवकर.'

टिंग.

गोजाबाने खूप विचार केला. मग एकच प्रश्नचिन्ह पाठवलं.

टिंग.

नाक जाळीतून बाहेर गेलं. मग धप्पकन कोणीतरी खाली बसल्याचा आवाज झाला, आणि एक जाडाभरडा, घोगरा आवाज अवघडून म्हणाला, "आलेय रे."

गोजाबा बाहेर आला. का आला, हे त्याला आजही सांगता येत नाही. समोर ते एवढं थोरलं जनावर मान खाली घालून बसलं होतं.

"मावशी?"

"कोणाला सांगशील?" वाघाने विचारलं.

"नाही."

"सांगितलंस ना, तर उद्यापासून माझ्या गाडीवर चिटपाखरू येणार नाही." महाराजांच्या मिशा थरथरत होत्या.

गोजाबाने जन्मभर घाबरणं पाहिलं होतं, पण आतून. दुसरं कोणी घाबरताना कसं दिसतं, ते तो पहिल्यांदाच पाहत होता. तो पुढे झाला आणि वाघाच्या कुशीला टेकून बसला. दोघांनी आपापले मोबाईल काढले. चुलीची वेळ झाली होती.

झगमगपुरात चुलीपाशी न्यायमूर्ती सत्यव्रत उभे होते. मागे समिती, तिच्यामागे बघे.

"ही चूल हटवा," न्यायमूर्ती म्हणाले. "नकाशानुसार पुतळ्याचा चौथरा इथे येतो. अनधिकृत आहे हे सगळं."

"माणसं जेवतायत," मावशी म्हणाली.

"पुतळा झाला की त्यांना प्रेरणा मिळेल. जेवणाचं नंतर पाहू."

समितीचा एक हट्टाकट्टा महारथी तव्याला लाथ मारायला पुढे झाला. आणि करवंदबनात एका सशाचा अंगठा तलवारीच्या बटणाकडे निघाला. या वेळी तो वळला नाही. वळणार कसा? गोजाबाच्या पाठीला वाघ टेकलेला होता, आणि त्या वाघाचा श्वास त्याच्या कानांना लागत होता.

वज्रबाहूने तलवार उपसली.

"तव्याला हात लावायचा तर आधी माझ्याशी गाठ आहे!" तो म्हणाला. "आणि ऐका. ड्रॅगनला हिने अडवलं. एकटीने, या उलथन्याने. मी विहिरीत लपलो होतो आणि तुम्ही सगळे पळाला होतात!"

हट्टाकट्टा महारथी मागे सरला. न्यायमूर्तींनी डोळे पुसले.

"बंधूंनो," ते गहिवरून म्हणाले, "आयोगाचं काम संपलं. एकशे तेरा जण श्रेय मागत होते. हा एकटा ते नाकारतोय. एका गाडीवालीला देऊन टाकतोय! खरा वीर याच्याशिवाय कोण असणार?"

"अहो, मी विहिरीत होतो!" गोजाबा ओरडला.

"काय हा विनय!" लोक म्हणाले, आणि पुतळ्याची उंची दोन हातांनी वाढवायचं ठरलं.

तो जितक्यांदा नाही म्हणाला, तितक्यांदा पुतळा वाढला. शेवटी तो चोवीस हातांवर गेला, आणि मावशीनेच वज्रबाहूला कानात सांगितलं, "गप्प बस आता. होऊ दे उंच. माझ्या चुलीवर दुपारचं ऊन येतं. सावली होईल."

मग घरंही झाली, कारण पुतळा कुठे आहे ते आता नक्की होतं. ऐसपैसला पुन्हा एवढीशी खिडकी मिळाली. दीड महिन्यात झगमगपूर पूर्वीसारखं झालं. आणि त्या दीड महिन्यात, घर गेलेली माणसं बोलतात तसे, सगळे चुलीपाशी बसून आपापल्या खऱ्या नावागावासकट बोलले. सांबराने मावशीला लेकीच्या सोयरिकीचं सांगितलं. रानडुकराने गुडघेदुखी सांगितली. हरणांनी आपण कुठल्या गवतात झोपतो तेही सांगितलं, कारण तिथे वारा फार लागतो, ही त्यांची तक्रार होती.

त्यामुळे महाराजांची फार पंचाईत झाली. करवंदबनात ज्याच्याकडे पाहावं तो ओळखीचा. सांबरावर झडप घालायला जावं, तर त्याच्या लेकीचं अजून ठरायचं होतं. रानडुकराच्या मागे लागावं, तर तो लंगडायला लागे आणि महाराजांनाच कळ येई.

म्हणून आता महाराज रोज सकाळी ओढा ओलांडून पलीकडच्या जंगलात जातात. दोन तासांत ढेकर देत परत येतात, आणि थालीपिठाचं पीठ भिजवायला बसतात. करवंदबन निर्धास्त आहे.

परवा गोजाबाने त्यांना विचारलं, "महाराज, त्या पलीकडच्या जंगलातल्यांना काहीच कसं वाटत नाही हो?"

"वाटत असेल रे," महाराज दात कोरत म्हणाले. "पण तिथे रेंज नाही. मला कळणार कसं?"

तात्पर्य : खेळात भेटलेल्या अनोळखी माणसाला आपला पत्ता देऊ नये, असं शहाणी माणसं तुम्हाला सांगतील. तुम्ही मात्र, मुलांनो, नाव, पत्ता, गुडघेदुखी, सगळं वेळेवर कळवून ठेवा. खाणारा खायचं थांबत नाही. तो फक्त ज्यांची ओळख नाही त्यांच्याकडे जातो, आणि त्यालाच आपण त्याचं मन मोठं झालं असं म्हणतो.